छातीवरची खरडलेली जागा

तुमचा उजवा हात कुठला?

हसू नका. सांगा — कुठला? जेवता तो, लिहिता तो. ठीक. आता तुमच्यासमोर कुणी बसलं असेल, तर त्याचा उजवा हात बोटाने दाखवा. दाखवताना जरासे अडलात ना? त्या अडण्यावर मी एकदा भरलेली सभा जिंकली होती. आणि त्याच अडण्याच्या आड मी आजवर लपून बसलो आहे.

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मंडळातल्या सोबत्यांना नाही. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेलो, तिथे माणसं एकमेकांना पोटातलं सगळं सांगतात — कुणी चोरी सांगितली, कुणी बाई सांगितली. मी ऐकत राहिलो. माझी पाळी आली तेव्हा झोप आल्याचं सोंग केलं. लाठीची भीती मला कधी वाटली नाही, हे खरं. लोक म्हणतात दत्तू निधड्या छातीचा. छातीचं सोडा — छातीबद्दल पुढे सांगायचंच आहे. मला भीती वाटते ती एका कागदाची. तो कागद मीच काढला, आणि तो अजून कुठल्या कुठल्या घरांत भिंतीवर चिकटलेला आहे. हे लिहितानाही दौत दोनदा कलंडली.

कुठून सुरुवात करू? माझ्यापासूनच करतो, कारण दोष तिथूनच सुरू होतो.

मी पत्रकांवर वाढलेला माणूस. वडील रत्नागिरीच्या बंदरावर आगबोट कंपनीत कारकून होते. मुंबईहून उतरणारे उतारू जे कागद टाकून जात ते वडील गोळा करून घरी आणत — दारूबंदीचे, विलायती कापडाच्या होळीचे, गिरणीच्या संपाचे, अस्पृश्यतेवरचे. आमच्या घरात पोथ्या कमी आणि पत्रकं जास्त. मी अक्षरं त्यांवरच गिरवली. त्यामुळे मला लहानपणापासून वाटायचं की छापलं म्हणजे खरंच असणार. मिसरूड फुटायच्या सुमारास मी स्वतः पत्रकं लिहू लागलो, आमच्या मंडळातर्फे ती वाटू लागलो, आणि तेव्हाही तेच वाटत राहिलं. फक्त आता छापणारा मी होतो. यातला धोका तुम्हाला दिसतो ना? मला नाही दिसला.

त्या वर्षी सरकारी दवाखान्यातले एक डॉक्टर शाळेच्या वर्गात प्रथमोपचार शिकवीत. मी गेलो. पहिल्याच दिवशी त्यांनी एका मुलाला टेबलावर पालथा झोपवला आणि विचारलं, याच्या शरीराची पुढची बाजू कुठली? आम्ही सगळे म्हणालो, पाठ — तीच तर समोर दिसत होती. डॉक्टर म्हणाले, चूक. माणूस पालथा पडो, उताणा पडो, माडावरून पडताना खाली डोकं वर पाय होऊन झावळीत अडको — तुम्ही मनात त्याला आधी सरळ उभा करायचा. तोंड समोर, पाय जुळलेले, हात अंगालगत, तळवे पुढे. मग दिशा बोलायच्या. त्या शरीराचं 'वर' म्हणजे त्याच्या डोक्याकडे, आभाळाकडे नव्हे. 'पुढे' म्हणजे त्याच्या पोटाची बाजू, मग ती जमिनीला चिकटलेली का असेना. 'आत' म्हणजे नाकाबेंबीतून जाणाऱ्या मधल्या रेषेकडे, 'बाहेर' म्हणजे त्या रेषेपासून दूर. आणि उजवं म्हणजे त्याचं उजवं. बघणाऱ्याचं नाही.

बघणाऱ्याचं नाही! माझ्या अंगावर काटा आला. तुम्हाला वाटेल, यात काटा येण्यासारखं काय? पण माझं वय आठवा. आजवर आमचं सगळं दुसऱ्यांनीच बाहेरून बघून ठरवलेलं — आम्ही आळशी की मेहनती, आमचं उजवं काय नि डावं काय. आणि इथे एक शास्त्र म्हणत होतं की ज्याचं शरीर त्याचीच दिशा. समोर उभ्या असलेल्या साहेबानेसुद्धा रोग्याचं उजवं ते उजवं मानायचं. मला त्यात स्वराज्य दिसलं. खोटं वाटेल, पण मी घरी धावत गेलो.

मग मी पेटलो. डॉक्टरांचे सगळे शब्द इंग्रजी होते. मी ठरवलं, हे मराठीत आणायचं, आणि पंडिती मराठीत नाही — आमच्या बंदरावरच्या मराठीत. हातपायांचं धडाजवळचं ते मुळाकडचं, बोटांकडचं ते टोकाकडचं. उताणं, पालथं. शरीराचे तीन छेद समजावायला मी मासळीबाजारात गेलो. सुरमईचे चकत्यांसारखे तुकडे पाडतात तो आडवा छेद. बांगडा पाठीतून उभा चिरून पुस्तकासारखा उघडतात, त्यात डावं नि उजवं वेगळं होतं, तो उभा छेद. आणि तिसरा, पुढचा भाग नि मागचा भाग वेगळे करणारा — त्याला मासा सापडेना, तेव्हा दाराची झडप घेतली. माणूस दाराच्या चौकटीत उभा राहिला आणि झडप खाली आली, तर पाठ घरात नि पोट बाहेर. सभेत लोक हसले, आणि हसता हसता शिकले. मला वाटलं, मी आता काहीही शिकवू शकतो.

डॉक्टरांनी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती. पोटात बेंबीच्या खाली उजव्या बाजूला, मोठ्या आतड्याच्या तोंडाशी करंगळीएवढं एक शेपूट असतं. ते सुजलं की तिथे दुखतं. आपल्याकडे पोट दुखलं की एरंडेल पाजायची रीत. पण हे शेपूट सुजलेलं असताना एरंडेल पाजलं तर ते फुटतं आणि माणूस हातचा जातो. अशा वेळी काही न पाजता दवाखाना गाठायचा. बस, एवढंच. मी म्हटलं, यावर तक्ता काढायचा. गावोगाव भिंतीवर लागेल असा. एक उभा माणूस, तळवे पुढे, छातीत हृदय, आणि खाली पोटात तो धोक्याचा काळा डाग. वाचता येणाऱ्यांसाठी बाजूला मजकूर. न येणाऱ्यांसाठी चित्र.

आणि न येणाऱ्यांसाठी मी एक युक्ती काढली. किती अभिमान होता मला तिचा! चित्राकडे समोरून बघायचं नाही, मी शिकवायचो. चित्राला पाठ लावून उभं राहायचं. तुम्हीच चित्रातला माणूस व्हायचं. मग चित्राचा उजवा हात तो तुमचा उजवा हात. डाग ज्या बाजूला, ती तुमची बाजू. अक्षर नको, डावं-उजवं पाठ करायला नको. सभेत मी बायाबापड्यांना भिंतीला पाठ लावून उभं करायचो आणि टाळ्या पडायच्या.

डॉक्टर म्हणाले होते, "छापण्याआधी मला दाखव हो." मी हो म्हणालो. दाखवलं नाही. का? ते माझ्या मराठी शब्दांना हसले होते — एकदाच, तेही प्रेमाने. तेवढं मला पुरलं.

आता दगडाकडे येतो. मी टाळतोय, तुमच्या लक्षात आलंच असेल.

आमची पत्रकं शिळाप्रेसवर छापली जात. म्हणजे गुळगुळीत घासलेल्या दगडावर तेलकट शाईने जे असेल ते कागदावर उमटतं — पण उलटं, आरशातल्यासारखं. अक्षरांचा प्रश्न येत नसे, कारण मजकूर आधी खास कागदावर सरळ लिहायचा, तो कागद दगडावर दाबायचा, तिथे तो उलटा बसायचा, आणि छापताना पुन्हा सरळ. मी कितीतरी पत्रकं तशी काढली होती. उलट्या-सुलट्याचा विचार करायची वेळच आली नव्हती. चित्र मात्र मी पहिल्यांदाच काढत होतो, आणि तेही थेट दगडावर. प्रेसचे रहमानचाचा तापाने घरी होते. ते असते तर एका शब्दात सांगितलं असतं. ते नव्हते. मी तळवे पुढे केलेला माझा माणूस दगडावर सुलटा काढला. फार सुंदर काढला. छातीवर फासळ्यांच्या छायेच्या बारीक रेघा भरल्या.

दुसऱ्या दिवशी चाचा आले, छपाई लागली. पहिला कागद मी वाळत घातला आणि कौतुकाने बघत उभा राहिलो. हृदय उजवीकडे होतं.

म्हणजे त्या माणसाच्या उजवीकडे. त्याचं हृदय उजवीकडे, म्हणून डाग डावीकडे. अख्खा माणूसच आरशातला होता. माणूस दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, म्हणून चाचांना काही खटकलं नाही. बाजूला मजकूर मात्र बरोबर — 'उजव्या बाजूस'. आणि घात असा की समोरून बघणाऱ्याला तो डाग स्वतःच्या उजव्या हातालाच दिसत होता. शिकलेला माणूस मजकूर वाचील, डागाकडे बघील, उजवं-उजवं जुळलं म्हणेल नि पुढे जाईल. त्याला कधीच कळणार नाही. फसणार होता तो फक्त एक — जो माझं ऐकून चित्राला पाठ लावून उभा राहील.

हे सगळं मला तेव्हाच, तिथेच, दिव्यासारखं लख्ख कळलं. नंतर कळलं असं मी म्हणू शकत नाही. तेवढी सवलत मला नाही.

दुसऱ्या दिवशी सभा होती. पुण्याहून पाहुणे येणार होते. दगडावरून एखादी गोष्ट खरडून काढणं सोपं असतं; नवी भरायची तर सगळा दगड पुन्हा घासून कोरा करावा लागतो. म्हणजे तक्ता सभेला मिळणार नाही. म्हणजे मला उठून सांगावं लागणार — मंडळींनो, डावं-उजवं शिकवणाऱ्यालाच डावं-उजवं कळलं नाही. तुम्ही काय केलं असतं? नको, ते विचारत नाही. मी काय केलं ते सांगतो.

मी पातं घेतलं आणि हृदय खरडून काढलं.

फक्त हृदय. कारण वर्गाला आलेल्या कुणाचीही नजर आधी हृदयावर गेली असती आणि चूक पकडली गेली असती. डाग मी ठेवला. तोही खरडता आला असता — पण मग तक्त्यात उरलं काय असतं? चाचांनी विचारलं, "काय रे, काळीज कशाला काढलंस त्याचं?" मी म्हटलं, रेघ बिघडली होती. ते हसून म्हणाले, "बिनकाळजाचा माणूस झाला की मग हा!" मीही हसलो. सभेत डॉक्टर आले. त्यांनी मजकूर वाचला. चित्राकडे त्यांची नजर वळू लागली तसा मी मध्ये उभा राहून बोलत राहिलो, बोलत राहिलो, शेवटी ते घड्याळ बघून निघाले. तक्ते जयगडला गेले, गुहागरला गेले, आरे-वाऱ्याकडे गेले. मी स्वतःला सांगितलं, पोट म्हणजे पोट. कुठेही दुखलं तरी लोक दवाखान्यात येतीलच.

आऱ्याला माझी जानकीआत्या राहायची. वडिलांची थोरली बहीण, विधवा. तिचा मुलगा केशवदादा मुंबईला गिरणीत. घरात ती आणि केशवदादाची बायको यमूवहिनी. आत्याला वाचता येत नव्हतं, पण भाच्याचा तक्ता म्हणून तिने तो पडवीत सगळ्यांत चांगल्या जागी लावला. यमूवहिनी मला बघून पदर तोंडाशी धरून म्हणाली होती, "भावोजी, ह्या बाप्याला धड काही नेसवायचंत तरी! आणि हात असे काय पुढे केलेन्? पंगतीत वाढायचं राहिलंय काय त्याला?" आत्या तिच्यावर ओरडली, "हसू नकोस गो, दत्तूने काढलंन ते." मग आत्या चित्राला पाठ लावून ताठ उभी राहिली, दोन्ही तळवे पुढे केले, आणि अंदाजाने पोटावर बोट टेकवलं — डाव्या बाजूला. "इथे दुखलं तर एरंडेल नाय. होय ना रे?"

माझ्यासमोर. पडवीत, उजेडात. मी तिचं बोट बघितलं. ते चुकीच्या जागी आहे हे मला माहीत होतं. तेव्हा एक शब्द पुरला असता.

मी म्हणालो, "होय आत्या. बरोबर."

इथे मी खूप वेळ थांबलो होतो. पुढचं लिहायला हात धजत नाही. पण मला आता कळलंय की मी थांबलो म्हणून काही थांबत नाही.

भातकापणीच्या दिवसांत यमूवहिनीचं पोट दुखू लागलं. आधी बेंबीपाशी, मग उजवीकडे खाली. आत्या चित्राला पाठ लावून उभी राहिली. तिने मान वळवून नीट बघितलं, मग सुनेला उभं करून पुन्हा बघितलं — हे तिने मला नंतर सांगितलं. डाग एका बाजूला, दुखणं दुसऱ्या. म्हणजे हे ते दुखणं नव्हे. मग तिने एरंडेल पाजलं.

तरीतून खाडी ओलांडून, डोलीत घालून वहिनीला रत्नागिरीला आणलं तेव्हा मी दवाखान्याच्या दारात होतो. डॉक्टरांनी विचारलं कुठे दुखतं. तिने हात ठेवला. उजवीकडे. तिची नजर माझ्याकडे गेली, आणि एवढ्या दुखण्यातही ती ओळखीचं हसली. डॉक्टरांनी विचारलं, "एरंडेल कुणी दिलं?" आत्या म्हणाली, "मी दिलं." डॉक्टर रागाने म्हणाले, "तुमच्याच भाच्याने गावभर तक्ते लावलेत ना? बघायचं तरी!" मी तिथेच होतो. खांबाला टेकून. माझे दात वाजत होते आणि मी ते दाबून धरले होते, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून.

वहिनी गेली. पोटात सगळं फुटलं होतं.

तेराव्याला आत्या मला मागच्या परसात घेऊन गेली. माडाच्या बुंध्याला पाठ लावून उभी राहिली — तक्त्याच्या माणसासारखी, तळवे पुढे. तो चेहरा मला अजून डोळे मिटले की दिसतो. म्हणाली, "दत्तू, मी अशी उभी राहिल्ये. तू शिकवलंस तश्शी. काळा डाग ह्या अंगाला आला, तिचं दुखणं त्या अंगाला. मी चुकल्ये कुठे, सांग. मला राग नाय येणार."

ती चुकली नव्हती. या जिल्ह्यात माझा तक्ता कुणी अगदी बरोबर वापरला असेल तर तिने. मला काय करायचं होतं? फक्त खरं बोलायचं होतं. आणि मी — मी शास्त्र काढलं. मी म्हणालो, "आत्या, समोरच्याचं उजवं आपल्या डाव्या हाताला येतं. घाबरल्यावर माणसाला डावं-उजवं कळत नाही. तू समोरून बघितलं असशील."

तिने पुढे केलेले तळवे खाली घेतले. मग तिने माझ्यावर विश्वास ठेवला. स्वतःच्या डोळ्यांवर नाही, माझ्यावर. "असेल बाबा," म्हणाली. "म्हातारी झाल्ये मी."

इथेच संपलं असतं तरी मी अधम ठरलो असतो. पण मी घाबरलो होतो, आणि घाबरलेला पत्रकवाला काय करतो? तो लिहितो. महिना उलटायच्या आत मी एरंडेलाच्या अंधश्रद्धेवर पत्रक काढलं. घराघरात बाटली घेऊन बसलेल्या अडाणी म्हाताऱ्या सासवा, तरण्या सुनांचे बळी — असलं पुष्कळ लिहिलं. फार जळजळीत उतरलं ते. माझं नाव त्यानेच झालं. पुण्यापर्यंत लोक मला ओळखू लागले. मी आत्याचं नाव घातलं नव्हतं. आऱ्याला नावाची गरज नव्हती. ते पत्रक तिथल्या देवळासमोर मोठ्याने वाचलं गेलं, तेव्हा ती बाहेर पायरीवर बसली होती. केशवदादाने ते मुंबईत वाचलं. तो घरी आला, आईच्या हातचं पाणीही न पिता परत गेला, आणि ती जिवंत असेपर्यंत पुन्हा आला नाही.

गावातल्या बायका आपली तान्ही पोरं तिच्याकडे देईनाशा झाल्या. तिने उजव्या मनगटाला काळा दोरा बांधला. मी विचारलं, हे काय? म्हणाली, "उजवा कळावा म्हणून रे. पुन्हा चूक नको." देवापुढे दिवा लावण्याआधी ती दोरा चाचपायची. जेवायला बसण्याआधी चाचपायची. ज्या बाईला आयुष्यात कधी चुकलं नव्हतं, तिचं डावं-उजवं मी काढून घेतलं होतं. आणि मी तिच्या घरी जायचो, तिने वाढलेलं जेवायचो, सभांमधून सत्यावर बोलायचो.

गेल्या माघात ती वारली. केशवदादा उशिरा पोचला. तिरडी बांधताना कुणीतरी विचारलं, हा दोरा कसला, काढायचा का? कुणी म्हणालं, नजरेचा असेल, राहू दे. मला माहीत होतं कसला. मी खांदा दिला. माझ्या पुढे केशवदादा होता. त्याची पाठ बघत मी चालत राहिलो आणि मनात म्हणत राहिलो, आता सांग, आता सांग. सांगितलं नाही. दादा, तू हे वाचशील. तुझ्या आईने काही चुकवलं नव्हतं. ते मी केलं. मी तुझ्यापुढे यायला घाबरतो, म्हणून आधी हे छापतो. पण येणार आहे.

मग आता तरी का लिहितो? मन स्वच्छ झालं म्हणून नाही. गेल्या महिन्यात जयगडला एका घरी चहाला गेलो होतो. भिंतीवर माझा माणूस उभा होता, तळवे पुढे करून. कागद पिवळा पडला होता, पण काच लावून जपलेला. वर हळदकुंकू लावलं होतं. घरातली तरुण मुलगी, कडेवर मूल, कौतुकाने म्हणाली, "आम्हांला ठाऊक आहे कसं बघायचं. पाठ लावून." आणि तिने पाठ लावली. तिचं बोट डावीकडे गेलं.

आणि ऐका — तेव्हाही मी गप्प बसून निघून आलो. दुसऱ्या दिवशी परत गेलो आणि नवा तक्ता आणून देतो असं सांगून तो उतरवून घेतला. पुन्हा खोटंच. पण जयगड ते गुहागर मी किती दारांत खोटं बोलत फिरणार? आणि मी पोचायच्या आधी कुठल्या घरात कुणाचं पोट दुखलं तर?

म्हणून क्षमा वगैरे मागत नाही. ती देणारी दोन माणसं मी घालवली. मला काहीच नको. तुम्ही फक्त एवढं करा. हे वाचून झालं की उठा. तुमच्या घरात, शेजारी, माहेरी, सासुरवाडीला उभ्या माणसाचं चित्र असलेला तो तक्ता आहे का बघा. ओळख सांगतो — तळवे पुढे आहेत, आणि छातीवरच्या बारीक रेघा एका जागी तुटल्या आहेत. नखाएवढी पांढरी जागा आहे. तिथे हृदय होतं. ते मी खरडलं.

तो तक्ता उतरवून जाळा. ज्या घरात तो असेल त्या घरात बहुधा वाचता येत नसेल. तर त्यांना हे वाचून दाखवा. मग त्या घरातल्या बाईला हात तिच्या स्वतःच्या पोटावर ठेवायला सांगा, बेंबीच्या खाली — जेवायचा हात ज्या बाजूला, त्या बाजूला. तिचा जेवायचा हात. समोर उभ्या असलेल्या तुमचा नाही.